करवतकाठीची घडी

हिंजवडी, ४ ऑक्टोबर २०१७

जाऊबाई,

इथे शिरसाष्टांग नमस्कार लिहायची पद्धत आहे. माझा हात वळत नाही, म्हणून जागा कोरी सोडली आहे.

तुम्ही मला फोनवर ब्लॉक केलंत, घरच्या ग्रुपमधून काढून टाकलंत आणि माझ्या नवऱ्याला सांगितलंत, ‘तुझ्या बायकोला काही म्हणायचं असेल तर लेखी दे म्हणावं, बोलताना ती फार उड्या मारते.’ तर घ्या लेखी. साईनाथ शनिवारी धायरीला येईल तेव्हा देईल. सख्ख्या भावजयीकडे बायकोची पत्रं पोचवायची पाळी त्याच्यावर आणलीत, हे बरं केलंत. नाहीतरी त्याला घरच्या भांडणात काहीच काम नसतं.

अष्टमीच्या संध्याकाळी सगळ्या बायकांसमोर तुम्ही म्हणालात, ‘लोकांची कपाटं उघडून बघायची रीत तुमच्या भंडाऱ्याकडे असेल, आमच्यात नाही.’ कपाट मी उघडलं नव्हतं. तुमच्याच लेकीनं, राजनंदिनीनं, दुपारी मंडईजवळच्या आत्याबाईंकडे जाऊन त्यांच्या साड्यांचे फोटो माझ्या ऍपमध्ये घातले, नऊ रंगांपैकी त्यांच्याकडे कोणते आहेत ते बघायला. हौसेनं घातले. संध्याकाळी तिनं सगळ्यांत बसून फोन उघडला आणि मोठ्यानं वाचायला लागली. ‘आत्याआजी, ही तुमची जांभळी आधी वाकडच्या मावशीकडे होती. त्याच्याआधी आईकडे होती.’ मग दुसरी. मग तिसरी. लग्नाकार्यात एकमेकींना दिलेल्या साड्यांचं गोत्र एका बैठकीत बाहेर पडलं. कुणी कुणाला काय खपवलं ते सगळ्यांना कळलं, आत्याबाई प्रसाद न घेता उठल्या आणि दोष माझा.

ते फीचर कशासाठी होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. लग्नाआधी मी इथे हॉस्टेलवर राहायचे. आम्ही मुली एकमेकींचे कुर्ते घालायचो आणि कुणाचा कुणाकडे राहिला हे कधी कळायचं नाही. म्हणून ऍप कपडा ओळखतं, काठावरून, बुट्टीवरून, आणि घरच्या जणींनी आपापल्या कपाटाच्या घातलेल्या फोटोंवरून तो आधी कुणाकडे होता ते सांगतं. आहे त्याच कपड्यांत रोज काय घालायचं ते सुचवणारं ऍप आम्ही तिघी मैत्रिणींनी नोकरी सांभाळून, शनिवार-रविवार जाळून उभं केलं. उसनवारीसाठी केलेली सोय आहेरावर उलटेल हे माझ्या डोक्यात आलं नाही. आमच्याकडे आहेराची साडी नेसतात.

एक गोष्ट मात्र तुमची आहे, ती नाकारत नाही. ऍप उघडल्यावर ‘कुठे जायचंय?’ याच्या आधी ‘कोण कोण येणार आहे?’ असं विचारतं. ते मी तुम्हाला बघून घातलं. कपाटाला हात लावायच्या आधी तुम्ही हेच विचारता, आणि कुणापुढे कुठली नेसून झाली ते तुमच्या डोक्यात तयार असतं. वापरणाऱ्या बायकांना तोच प्रश्न सगळ्यात आवडतो. श्रेय देते. तेवढंच देते.

आता मुद्द्यावर येते. त्या संध्याकाळी बाकीच्या जणी आपापल्या साड्या शोधत होत्या तेव्हा मला त्यात माझ्या आईची साडी दिसली. करवतकाठी टसर, मधासारखा रंग, करवतीच्या दात्यांसारखे तांबडे काठ. माझ्या लग्नात आईनं तुम्हाला दिलेली. तुमच्याकडून वाकडच्या मावशीकडे, मावशीकडून आत्याबाईंकडे. तिन्ही फोटोंत ती प्लास्टिकच्या पिशवीतच आहे.

माझ्या साखरपुड्यात आई तुमच्याकडे बघत बसली होती, आठवतं? तुम्ही नंतर म्हणालात, ‘तुझी आई काय टक लावून बघते गं.’ ती तुमचा रंग बघत होती. घरी जाऊन पवनीच्या विणकराला सांगितलं, मोठी जाऊ गव्हाळ आहे, तिला पिवळट नको, मधाचा दे. दुसरं सूत दाखवलं तर परत पाठवलं. बाबा म्हणाले, लेकीलाही एवढं बघून घेतलं नाहीस. तर म्हणाली, ‘लेक तं माहीच हाय. त्या बाईच्या हाती देऊन राहिली तिले.’

लग्नानंतर पहिल्या गौरीला तिचा फोन आला. ‘नेसली का व तुह्या जावेनं?’ मी हो म्हटलं. काय म्हणणार? मग दर सणाला विचारायला लागली आणि मी दर सणाला तुम्हाला ती नेसवायला लागले. फोनवर तुम्ही ती साडी नेसून फार छान दिसता, जाऊबाई. एकदा तर मी तुमच्या नाकात नथही घातली.

आई राजनंदिनीच्या लग्नाला येणार आहे. तिकीट काढून झालं आहे. आल्याबरोबर तिची नजर तुमच्यावर जाणार. मला तुमच्याशी गोडी नको. माफी तर नकोच नको. मला एवढंच हवं आहे की लग्नाच्या त्या दोन-तीन दिवसांत कधीतरी ती साडी तुमच्या अंगावर असावी आणि आईला ती दिसावी. आत्याबाईंकडून परत मागून घ्या. लाज वाटेल. वाटू दे.

शेफाली


धायरी, १५ ऑक्टोबर २०१७

चि. सौ. शेफाली यांस,
अनेक उत्तम आशीर्वाद. तुम्ही जागा कोरी सोडलीत, मी सोडत नाही. ज्याचे त्याचे संस्कार.

पत्र मिळाले. अक्षर बरे आहे, बाकी काही बरे नाही. आजवर तुला ‘तू’ म्हणत होते, त्यात चूक झाली असे दिसते.

आहेरात आलेली वस्तू कुणाला द्यायची हे जिला मिळाली ती ठरवते. त्यात कुणाचा अपमान नसतो. माझ्या कपाटात दिराच्या लग्नाच्या, भाच्यांच्या मुंजींच्या, कुणाकुणाच्या पन्नाशीच्या साड्या आहेत. सगळ्या नेसायच्या म्हटल्या तर मला दुसरा जन्म घ्यावा लागेल, आणि तोही याच घरात. नको.

तुमच्या पहिल्या संक्रांतीला मी तुम्हाला हिरवी गढवाल दिली होती. ती कुठे आहे? तुमच्या यंत्राला विचारून कळवा.

तुमच्या मातोश्रींनी लग्नाला अवश्य यावे. कोण काय नेसले आहे ते बघायचे असेल तर खुर्ची पुढे ठेवू.

मंदाकिनी


हिंजवडी, १२ नोव्हेंबर २०१७

जाऊबाई,

गढवाल. आमच्या एचआरमधल्या मुलीच्या डोहाळजेवणात दिली. हो, दिली. मला हिरवा रंग आवडत नाही आणि तुम्ही तो विचारला नव्हता. विचारून आणलेली साडी आणि दुकानात समोर आली म्हणून उचललेली साडी यांत फरक असतो, पण तो तुम्हाला समजावत बसायला मला वेळ नाही.

तुमच्या मनासारखं एक काम केलं आहे, ते कळवते. साईनाथ, सासूबाई, आत्याबाई, सगळ्यांनी माझं डोकं खाल्लं म्हणून ‘आधी कुणाकडे’ हे मी ऍपमधून काढून टाकलं. नुसतं लपवलं नाही, सगळ्यांच्या जुन्या नोंदीही पुसल्या. आता कुठलीच साडी कुठून आली ते ऍपला ठाऊक नाही. जिच्या कपाटात आहे तिची. गंगेत न्हाली सगळी मंडळी.

त्या जागी नवं फीचर घातलं आहे, ‘आहेर सुचवा’. लग्नघरातल्या बायकांनी आपल्या न नेसलेल्या साड्या आणि पाहुण्यांची नावं घालायची. कुठली कुणाला द्यावी ते ऍप सांगतं. समोरच्या बाईला घरात कुणाच्या अंगावर ती दिसली असेल, तर ती वगळतं. खरं सांगू? तुमच्यावर सूड म्हणून केलं होतं. म्हटलं, खपवायच्याच आहेत तर नीट खपवा. बायकांनी डोक्यावर घेतलं. माझ्या मैत्रिणी म्हणतात, आपण दोन वर्षं भलतंच करत होतो, लोकांना स्वतः काय नेसू हे नको होतं, दुसऱ्याच्या गळ्यात काय मारू हे हवं होतं. मला त्याचा आनंद झाला नाही.

काल सासूबाई इथे येऊन गेल्या. तुमचा निरोप नव्हता, पण त्यांच्या पोटात राहत नाही. म्हणाल्या, ‘मंदा गेल्ती मंडईला, आत्याच्या दारात. आत्यानं लय ऐकवलं तिला, दिलेलं परत मागायला आली म्हून. उभ्यानंच बोलत हुती, बस सुदिक म्हनली न्हाई. पन साडी घरी आलीया बघ. आता नेसल का न्हाई ते देव जाणं.’

मी आभार मानणार नाही. ती साडी तुम्हीच घराबाहेर घालवली होती, तुम्हीच आणलीत. पण ती घरात आहे हे कळल्यावर मला काल रात्री पहिल्यांदा आईशी फोनवर मोकळेपणी बोलता आलं. तिनं विचारलं, ‘लग्नात नेसन का व?’ मी म्हटलं, बघ तूच डोळ्यांनी.

एवढं एक करा. मग जन्मभर बोलू नका.

शेफाली


हिंजवडी, १३ डिसेंबर २०१७

मंदाकिनीबाई,

जाऊबाई लिहायचीही आता इच्छा नाही.

आई काल भंडाऱ्याला परत गेली. स्टेशनवर गाडी सुटेपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलली नाही. म्हणून आज ऑफिसला सुट्टी टाकून हे लिहिते आहे, नाहीतर माझ्या हातून काहीतरी फुटेल.

आई मांडवाच्या आदल्या दिवशी आली. रात्रभर रेल्वेत बसून आलेली बाई, पण तुमच्या घरी हातपाय धुऊन लगेच भाजी निवडायला बसली. मांडवाच्या दिवशी नवी साडी नेसून सकाळपासून ओसरीवर होती. तुम्ही काय केलंत? घरभर कपाटं आपटत फिरत होतात. पलंगाखालच्या बॅगा ओढून काढल्यात. राजनंदिनीवर ओरडलात, सासूबाईंवर ओरडलात, आईच्या समोरून तीनदा गेलात आणि तिला साधं ‘चहा घेतला का’ म्हणाला नाहीत. अंगावर घरातलीच मळकी साडी. आई मला म्हणाली, ‘लगनघर हाय, बाईले काम असते.’ तुमची बाजू ती घेत होती!

लग्नाच्या दिवशी सिंहगड रोडच्या त्या हॉलमध्ये तुम्ही पैठणी नेसलात. आई म्हणाली, बरोबर हाय, पोरीच्या लग्नात पैठणीच पाहिजे. माझ्या हातात हात घालून म्हणाली, ‘असं तोंड करू नको. पाच डाव तं नेसली ना ते. पुरे झालं.’ मी म्हटलं, चला, निभावलं.

मग मानपानाच्या वेळी तुम्ही स्वतः माइकवर नाव घेतलंत. यमुनाबाई, भंडारा. कुंकू लावलंत, ओटी भरलीत आणि पिशवी हातात दिलीत. तुमच्या तोंडावर हसू होतं. ते हसू मी विसरणार नाही.

आईनं खोलीत जाऊन पिशवी उघडली. मी समोर होते. तिनं साडी बाहेर काढली नाही. पिशवीत हात घालून काठ चाचपला, त्या करवतीच्या दात्यांवरून बोट फिरवलं. मग मला विचारलं, ‘शेफाली, हे माहीच साडी हाय ना?’

तिनं घडी बघितली. विणकरानं घातलेली घडी, त्याच्या कागदाच्या पट्टीसकट, जशी पवनीहून आली तशी.

‘घडी तं मोडली नाही इची,’ ती म्हणाली. ‘तू तं म्हने गौरीले नेसली. दसऱ्याले नेसली. नथ घातली म्हने.’

तुमचा राग तिला आला नाही, हे ऐकून तुम्हाला बरं वाटेल. माझा आला. म्हणाली, ‘त्या बाईनं नाही नेसली, तिची मर्जी. तिनं मले कधी सांगतलं नाही का नेसली म्हून. तू सांगत होती. मी गावभर सांगत फिरली.’

तुम्हाला नेसायची नव्हती तर नेसायची नव्हती. आत्याबाईंकडेच राहू द्यायची होती. दुसऱ्या कुणाला द्यायची होती. पण मुद्दाम मागून आणलीत, मुद्दाम पिशवीत घातलीत आणि चारशे माणसांत माझ्या आईच्या ओटीत टाकलीत. असं डोकं वैऱ्याचंही चालत नाही. अष्टमीचं उट्टं काढलंत. माझ्यावर काढायचं होतं ना, मग माझ्यावर काढायचं. तिनं तुमचं काय केलं होतं? तुमचा रंग बघितला होता.

यापुढे मी धायरीची पायरी चढणार नाही. साईनाथला यायचं असेल तर येईल.

शेफाली


धायरी, १९ डिसेंबर २०१७

चि. सौ. शेफाली यांस, आशीर्वाद.

मुद्दाम करायला मला सवड लागते. मुलीच्या लग्नात ती नव्हती.

आहेराच्या पिशव्या राजनंदिनीने आणि तिच्या मैत्रिणींनी भरल्या. घरातली प्रत्येक न नेसलेली साडी तिने फोनमध्ये घातली, पाहुण्यांची नावे घातली आणि तुमच्या यंत्राने जे सांगितले तशा चिठ्ठ्या लावल्या. काकूने केलेय म्हणून मोठ्या कौतुकाने. मी माइकवर चिठ्ठीवरचे नाव वाचले आणि पिशवी दिली. आत काय आहे हे मला ठाऊक नव्हते. प्रत्येक पिशवी उघडून बघत बसले असते तर नवरानवरी अजून बोहल्यावर असते.

तुमचे पत्र आल्यावर मी राजनंदिनीला फोन दाखवायला लावला. तुमच्या आईंच्या नावापुढे ती साडी आहे आणि खाली लिहिलेय, ‘ही साडी यांनी कुणाच्याही अंगावर पाहिलेली नाही.’ खरेच लिहिलेय. यंत्र तुमच्यापेक्षा खरे बोलते.

ती साडी मी फॉल लावायला द्यायची म्हणून पिशवीत घालून दाराशी ठेवली होती. तिथून ती गेली. मांडवाच्या दिवशी मी कपाटे का आपटत होते हे तुम्ही विचारले नाहीत. पत्रात लिहिलेत मात्र झकास.

सोबत ब्लाउज पाठवते आहे. त्या साडीत ब्लाउजपीस नव्हते. रविवार पेठेत मॅचिंगची दुकाने पालथी घातली, तो तांबडा कुठे मिळेना. शेवटी मिळाला. दंडावर काठासारखे दाते शिवून घेतले आहेत. माझ्या मापाचा आहे, तुम्हाला उपयोग नाही. मलाही आता नाही. घरात डोळ्यांसमोर नको म्हणून पाठवते.

याचा अर्थ मी काही विसरले असा घेऊ नये. आत्याबाईंच्या दारात मला उभे केलेत ते मी विसरणार नाही. आणि गढवालही.

मंदाकिनी


हिंजवडी, ९ जानेवारी २०१८

जाऊबाई,

नमस्कार. या खेपेला जागा कोरी सोडलेली नाही. ते आईनं बजावलं म्हणून, हे स्पष्ट सांगते.

तुमचं पत्र मिळालं, ब्लाउजही. मग ‘आहेर सुचवा’ बंद केलं. मैत्रिणी चिडल्या, एक तर सोडून जायचं म्हणते. वापरणाऱ्या बायका रोज शिव्या घालतात, परत कधी चालू करणार म्हणून. नाही करणार. कुठली साडी कुणी कुणासाठी बघून आणली, हे फोटोत येत नाही, आणि ते नसलं की बाकी सगळं माहीत असून काही उपयोग नसतो. माझ्या लक्षात हे आलं, पण किंमत आईनं मोजली.

तुम्ही मांडवाच्या दिवशी एक वाक्य बोलला असता तर हे टळलं असतं. ‘तुमची साडी सापडत नाहीये’ एवढंच. पण तुम्ही बोलणार कशा? भंडाऱ्याच्या बाईपुढे आपली अडचण सांगायची? त्यापेक्षा कपाट आपटलेलं बरं. तुमचा हा ताठा माझ्या डोक्यात जातो, कायम जाणार.

ब्लाउज मी आईकडे पाठवला. काय करायचं मला सुचेना. तिचा फोन आला, लग्नानंतरचा पहिला. म्हणाली, ‘अव, बाई अंगानं वाळली दिसते, लगनाच्या धावपळीत. बाही ढिली होईन तिले.’ तुम्हाला लग्नात बघितलेलं आठवून तिनं ते ओळखलं की शिलाईवरून, मला विचारू नका. मग म्हणाली, ‘ब्लाउज शिवला म्हन्जे नेसाची होती. साडी माह्यापाशी ठेवून मी काय करू?’

म्हणून साडी आणि ब्लाउज दोन्ही पाठवते आहे. फॉल आईनं स्वतःच्या हातानं लावला आहे, त्यासाठी घडी तिलाच मोडावी लागली. बाहीला आतून दोन टाके घातले आहेत, सैल हवी तर उसवा.

नेसा किंवा नेसू नका. आत्याबाईंना द्या, मावशीला द्या, वाटेल ते करा. ऍपमध्ये घालू नका एवढंच सांगते. मला तुमच्याविषयी प्रेम वाटत नाही आणि वाटेलसं दिसतही नाही. संक्रांतीला मी धायरीला येणार नाही.

पण आई त्या दिवशी फोन करणार आहे. दर सणाला करते तसा, आणि पहिल्यांदा तेच विचारणार आहे. मी साईनाथला तुमच्याकडे तिळगूळ घेऊन पाठवते आहे. तो येऊन जे डोळ्यांनी बघितलं ते मला सांगेल, आणि तो जे सांगेल तेच मी आईला सांगणार आहे.

शेफाली